पोटांत काहीं नाहीं

उजव्या हाताचा तळवा पोटावर सपाट ठेवायचा, हनुवटी किंचित वर करायची आणि म्हणायचं, "पोटांत काहीं नाहीं." वर्गात हजेरी द्यावी तसं. मग डावा हात माझ्यापुढे टेबलावर यायचा, मूठ आवळली जायची आणि सुई टोचून निघेपर्यंत बाई समोरच्या भिंतीवरची सूचनांची तमिळ पाटी वाचत बसायच्या. त्या पाटीत दोन चुका होत्या. त्यांनी त्या पहिल्याच दिवशी मला दाखवल्या आणि पुढे दर वेळी, दुरुस्त झाल्यात का, ते बघत राहिल्या.

तंजावरात सगळे त्यांना टीचर म्हणत. जवळच्या पापनाशमच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर तमिळ शिकवलं होतं. घरी मराठी बोलणाऱ्या बाईने तमिळांच्या पोरांना तमिळ शिकवायचं, त्यामुळे त्या जरा जास्तच कडक होत्या, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. ते गावभर पसरले होते. एक आमच्या संशोधन केंद्राच्या फाटकावर वॉचमन होता. टीचर आल्या की तो खुर्चीवरून उठायचा आणि त्या आत जाईपर्यंत बसायचा नाही. आमचे मोठे डॉक्टर आले तर तो बसल्या बसल्या हात वर करायचा.

तुम्ही तंजावरला जाऊन आला असाल, तर मोठं देऊळ बघितलं असेल आणि इथे मराठी माणसं आहेत हेही कुणीतरी सांगितलं असेल. पण भेटली नसतील. ती कचेरीत असतात, शाळेत असतात, बँकेच्या काउंटरमागे असतात, आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतात. मी मिरजेची. रक्त काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि त्या धंद्याने मला इथे आणून सोडलं. पहिले काही महिने मलाही एकसुद्धा मराठी माणूस भेटला नाही. एकदा फोनवर आईशी बोलत होते, तर बाकावरून आवाज आला.

"तुम्ही वरचें काय?"

"वरचे म्हणजे?"

"वरचें म्हणजे वरचें. कुठलें गांव?"

"मिरज."

"वरचेंच. आम्हीहि तिकडचेंच. खालीं आलों, परत जायला बस मिळाली नाहीं."

तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट त्या कालच्या एस.टी.सारखी सांगत होत्या, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. टीचर विनोद करतात की माहिती देतात, हे कळायला मला बराच काळ लागला. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. माझ्याकडचं मराठी मासिक त्यांनी एकदा हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "बोलतें ती माझी, लिहितात ती तुमची," म्हणाल्या.

आमच्या केंद्रात काय चालायचं, ते थोडं सांगायला हवं. पित्त तुम्हाला माहीत आहे. मराठी माणसाला निदान त्याचा त्रास तरी माहीत असतोच. ते यकृतात तयार होतं, पिशवीत साठतं, आणि आपण खाल्लं की आतड्यात उतरून तेलतुपाचा निकाल लावतं. त्यातली आम्लं काम झालं की आतड्यातून पुन्हा यकृताकडे परततात. थोडी मात्र वाट सोडून रक्तात हिंडत राहतात. माणूस उपाशी असला की ती कमी असतात, खाल्लं की वाढतात. ही हिंडणारी आम्लं शरीराला साखरेबद्दलही निरोप देत असावीत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. म्हणून साखर न झालेल्या माणसांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं, त्यातली पित्ताम्लं मोजायची आणि पुढे कुणाला मधुमेह होतो ते वर्षानुवर्षं बघत बसायचं, असं आमचं काम होतं.

हे सगळं मी टीचरांना माझ्या मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे सीझन तिकीटवालीं," त्या म्हणाल्या. "सकाळीं तंजावरहून पापनाशम, काम करून संध्याकाळीं परत. मी अस्कें आयुष्य तेंच केलें. आणि थोडीं पोरें मधेंच उतरून भटकतात. तीं तुम्ही धरतां."

मी तेव्हापासून नवीन माणसाला पित्ताम्लं याच पॅसेंजर गाडीने समजावते. डॉक्टरांनाही ते आवडलं होतं. फक्त कुणाचं आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

आता टीचर आमच्याकडे का आल्या, ते. विज्ञानाची सेवा करायला आल्या नव्हत्या. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

त्यांच्या घरात साखर सगळ्यांना झाली होती. आईवडील त्यातच गेले, थोरल्या भावाचा पाय त्यात गेला आणि मागोमाग तोही गेला. राहिल्या टीचर आणि त्यांचा धाकटा भाऊ. तो वीजखात्यातून निवृत्त झालेला, डोक्याचे केस गेलेला गृहस्थ, पण त्या त्याला तंबीच म्हणत. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ, आणि धाकट्याला मोठं होण्याची त्या घरात परवानगी नव्हती. टीचरांनी लग्न केलं नाही, तंबींची बायको लवकर वारली, आणि दोघं एका छपराखाली भांडत राहिली. साखरेने तंबींच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाणीसुद्धा मोजून मिळायचं, आणि त्या मोजलेल्या पाण्यातून अर्धा पेला कॉफी वजा व्हायची, कारण तंबी म्हणत की पाणी नसलं तरी चालेल.

टीचरांची किडनी तंबींना जुळत होती. द्यायला त्या तयार होत्या. पण त्रिचीच्या इस्पितळात त्यांची स्वतःची उपाशीपोटीची साखर काठाच्या जरा पलीकडे निघाली. पुन्हा काढली, पुन्हा तीच. घराण्यात साखर, हिची साखर वाढतेय, उद्या हिलाच मधुमेह झाला आणि किडनी एकच उरलेली असली तर काय करायचं? डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तेवढ्यात गावात बोलवा झाली, की आमच्याकडे एक मशीन आहे आणि ते साखर होणार की नाही हे आधीच सांगतं. टीचर दुसऱ्या दिवशी हजर.

"तंबीस किडनी देणें आहे," त्या म्हणाल्या. "मज साखर येणार कीं नाहीं, येवढें सांगा."

मी म्हटलं, "टीचर, एका माणसाचं सांगता येत नाही. पुष्कळ माणसांचं मिळून सांगता येतं. इतक्या लोकांमध्ये साधारण इतक्यांना होईल, असं."

"शंभर पोरांत किती नापास होतील, तें मीहि सांगत होतें."

"तेच म्हणतेय मी."

"कोणता होईल, तेंहि सांगत होतें."

मी नोंदवही पुढे केली. त्यांनी नाव नोंदवलं. केंद्रात येणाऱ्या सगळ्यांत त्या सर्वांत वक्तशीर होत्या. छत्री, कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा फ्लास्क. रक्त देऊन झालं की फ्लास्कच्या झाकणात कॉफी ओतायच्या, पहिलं झाकण माझ्यापुढे करायच्या. कॉफी अशी घट्ट की मिरजेला तिचे चार कप झाले असते. मला ती कॉफी आवडायची आणि टीचरही फार आवडायच्या. परक्या गावात कुणीतरी आपल्या भाषेत रागावणारं असावं लागतं.

तंबी एकदोनदा बरोबर आले. बारीक झालेले, पण जीभ शाबूत. मला म्हणाले, "अक्का मज किडनी देतें म्हणते. टीव्हीचा रिमोट देत नाहीं."

टीचर म्हणाल्या, "रिमोट एकच आहे."

मग त्यांच्या पित्ताम्लांचे आकडे आले, आणि मोठे डॉक्टर चक्रावले. उपाशी माणसाच्या रक्तात ती असायला हवीत त्याच्या कितीतरी वर. नुकतंच काही खाऊन आलेल्या माणसाची असावीत तशी. डॉक्टरांनी आधी यकृतावर संशय घेतला, मग पिशवीतल्या खड्यांवर. सोनोग्राफी झाली. यकृत ठीक, खडे नाहीत. डॉक्टर मला म्हणाले, ही बाई खाऊन येते.

मला राग आला. म्हटलं, ती बाई खोटं बोलणार नाही. पोटात एक आणि ओठात एक, असं त्यांचं कधीच नव्हतं. पाटीतली चूक त्यांनी डॉक्टरांनाही तोंडावर सांगितली होती. डॉक्टर म्हणाले, मग उद्या पहाटे घरी जाऊन, उठल्या उठल्या रक्त घेऊन या.

मी गेले. जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. नुकतीच दूधवाल्याची मोपेड येऊन गेली होती. टीचरांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या आणि आत गेल्या. मी बर्फाचा डबा, सुई, नळ्या मांडून घेतल्या. आतल्या खोलीतून तंबींच्या घोरण्याचा आवाज येत होता. टीचर बाहेर आल्या त्या दोन पितळी पेले घेऊन. एक माझ्यासमोर ठेवला. दुसरा उचलला, ओठ न लावता वरून घशात ओतला, एका दमात रिकामा केला. पदराने तोंड पुसलं. खुर्चीवर बसल्या, तळवा पोटावर ठेवला आणि हनुवटी वर केली.

"पोटांत काहीं नाहीं."

मी त्या रिकाम्या पेल्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

"टीचर, हे काय?"

"कॉफी."

"तुम्ही आत्ता प्यालात."

"होय. तुमची निवते आहे."

"मग पोटात काही नाही कसं?"

"कॉफी आहे. पण तें काहीं नव्हें."

त्यांनी मला समजावून सांगितलं, ढ मुलाला सांगावं तसं. त्यांच्या घरात एकादशीला अन्नाचा कण चालत नाही, पण कॉफी चालते. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत बायकांनी काही खायचं नाही, दुपार टळून जाते, पण कॉफी चालते. आईने घालून दिलेला नियम. "कॉफीनें उपास मोडत नाहीं. कॉफी नसली तर मोडतो." त्या कॉफीत सायीसकट दूध होतं आणि दोन चमचे साखर.

तुम्ही हसाल, पण जपून हसा. आम्ही साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस हाणून उपास करणारे लोक. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण तंजावरला नाही. ती आपली आहे.

मला मात्र हसू येत नव्हतं, कारण दुसरंच काहीतरी डोक्यात आलं होतं.

"टीचर, रक्ताच्या आधी दर वेळी कॉफी घेत होता?"

"दर वेळीं म्हणजे काय? रोज घेतें."

"त्रिचीच्या इस्पितळात रक्त दिलं तेव्हा?"

"तेव्हां दोन. बस पहांटेची होती."

हे बोलल्या आणि थांबल्या. साखर कुठून वाढली ते त्यांना सांगावं लागलं नाही, त्या शिक्षिका होत्या. पेला त्यांनी हातात घेतला, जमिनीवर पालथा घातला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी एकदाच पाहिलं, ते त्या सकाळी.

"इतके महिने तो सुया टोचून घेतो आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या कॉफीसाठीं."

"टीचर, अजून काही ठरलेलं नाही. कॉफी न घेता रक्त देऊन बघू."

आतलं घोरणं थांबलं होतं. "काय झालें, अक्का?" तंबींनी आतून विचारलं.

"काहीं नाहीं. उदईक कॉफी नाहीं."

"कोणास?"

"मज."

आत खाट कुरकुरली. मग तंबींचा आवाज आला, "डॉक्टरांस बोलावूं काय?"

दुसऱ्या दिवशी टीचर केंद्रात आल्या त्या भिंतीला धरून. लहानपणी कॉफी सुरू झाल्यापासून अशी सकाळ त्यांनी पाहिली नव्हती. आई गेली त्या दिवशीही शेजारणीने पेला आणून दिला होता. डोकं इतकं ठणकत होतं की पाटीतल्या चुकांकडेही त्यांनी पाहिलं नाही. वॉचमन दोनदा येऊन, टीचरांना बरं नाही का, म्हणून विचारून गेला. त्या खुर्चीत बसल्या, तळवा पोटावर ठेवला आणि नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. म्हणाल्या नाहीत. नुसता हात तसाच ठेवला.

"घ्या," म्हणाल्या. "मज भीति वाटते."

रक्त काढलं. पित्ताम्लांना वेळ लागतो, पण साखर लगेच कळते. टीचर फ्लास्क मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिल्या. मी म्हटलं, आता प्यायला हरकत नाही, रक्त झालंय. त्यांनी मान हलवली. निकाल लागल्याशिवाय पेढे वाटत नाहीत, तसं काहीतरी होतं ते. मी कागद घेऊन बाहेर आले, तर त्या उभ्या राहिल्या. ज्यांच्यासाठी सगळं गाव उभं राहायचं, त्या माझ्यासाठी उभ्या राहिल्या, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

"काठाच्या आत आहे," मी म्हटलं. "चांगली आत."

"पास?"

"पास."

त्या बसल्या. फ्लास्कचं झाकण उघडायला त्यांना जमेना. मी उघडून दिलं. पहिलं झाकण त्यांनी माझ्यापुढेच केलं, आणि त्या दिवशी मी ते घेतलं नाही.

काही दिवसांनी पित्ताम्लंही आली. निमूट, उपाशी माणसाची असावीत तशी. मोठ्या डॉक्टरांना मी पेल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मला विचारलं, आपल्या अभ्यासातले बाकीचे लोक सकाळी काय करतात? आम्हाला तंजावर जिल्ह्यातली सगळी रक्तं पुन्हा घ्यावी लागली. पाटीवर 'कॉफीही नको' अशी ओळ आली. रंगारी बोलावलाच होता, तर जुन्या दोन चुकाही दुरुस्त करून घेतल्या. टीचर त्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिल्या, आता वाचायला काही उरलं नाही म्हणून नाराज असल्यासारख्या.

त्रिचीला सगळ्या तपासण्या नव्याने झाल्या, ग्लुकोज पाजूनही झाल्या. त्या प्रत्येक पहाटे टीचर कॉफीचा फिल्टर शेजारणीकडे नेऊन ठेवत, घरात राहिला तर हात जाईल म्हणून. इस्पितळाने शेवटी होकार दिला. एकाच दिवशी दोघांची ऑपरेशनं झाली. शुद्धीवर आल्यावर तंबींनी आधी अक्का कशी आहे ते विचारलं, आणि अक्कांनी आधी कॉफी कधी मिळेल ते विचारलं. हे मला तंबींनीच सांगितलं, तक्रार म्हणून.

तंबींचा रंग पालटला. पेलाभर पाणी पिताना त्यांना मी पाहिलं आहे. लहान मूल आईस्क्रीम खातं तसे, संपू नये म्हणून हळूहळू पीत होते.

आमच्या अभ्यासातून मात्र टीचरांचं नाव कमी करावं लागलं. एक किडनी असलेला माणूस नियमात बसत नव्हता. मी ते सांगितलं तेव्हा त्यांना फार लागलं.

"म्हणजे मी नापास?"

"नाही, टीचर. नाव काढलं, एवढंच."

"शाळेंतून नांव काढणें हें नापासाहून वाईट."

पुढच्या वर्षी पोंगल झाल्यावर, ज्या आठवड्यात त्यांनी पहिलं रक्त दिलं होतं तो आला, तर टीचर छत्री आणि फ्लास्क घेऊन बाकावर हजर. बोलावणं गेलं नव्हतं. कॉफी न घेता आल्या होत्या, ते चेहऱ्यावरून दिसतच होतं. डॉक्टर म्हणाले, किडनी दिलेल्या माणसाने वर्षातून एकदा तपासून घ्यावंच, घ्या रक्त. मग दर वर्षी तेच. तळवा, हनुवटी, "पोटांत काहीं नाहीं", आणि सुई निघाली की एकच प्रश्न.

"मज साखर येणार कीं नाहीं?"

"सांगता येत नाही, टीचर."

"तुमच्या मशीनास अजून येत नाहीं?"

"नाही."

"तें पण शिकेल," त्या म्हणत, आणि झाकणात कॉफी ओतत.

त्यांना साखर शेवटपर्यंत आली नाही. गेल्या मार्गशीर्षात, सकाळी, बसल्या खुर्चीत गेल्या. हृदय थांबलं, इतकंच. मी घरी गेले तर तंबी दारातच उभे होते. मी चपला काढल्या. तेच म्हणाले, "कॉफी झाली होती." कुणी मुखात गंगाजल पडलं होतं म्हणून सांगावं, तसं म्हणाले.

पोंगल झाला. त्यांचा आठवडा आला. सकाळी वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिलेला मला खिडकीतून दिसला, आणि मी हातातली नळी ठेवून दाराशी आले. फाटकातून तंबी येत होते. हातात तीच छत्री, खांद्याला तीच कापडी पिशवी.

ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. मी आधी धंद्याचं विचारलं.

"इन्सुलिन?"

"घेतलें नाहीं. रक्त झाल्यावर, इडलीबरोबर. अक्काचा नियम."

"कॉफी?"

त्यांनी मान हलवली. मग तळवा पोटावर ठेवला, सपाट, अगदी टीचर ठेवायच्या तसा. ठेवला, आणि तिथून हळूच खाली उजवीकडे सरकवला. दिलेली किडनी जिथे बसवतात तिथे.

"ही अक्काची. अक्का दर वर्षीं येत होती," ते म्हणाले. "मी उपाशी आहें. ही पण उपाशी आहे. बेगीन घ्या."

मी पट्टा बांधला. मला शीर दिसेना, डोळे पुसून पुन्हा शोधावी लागली. तंबी भिंतीवरची पाटी वाचत होते.

निकाल येईपर्यंत ते बाकावर बसून राहिले, फ्लास्क मांडीवर. मी कागद घेऊन बाहेर आले. किडनी उत्तम चालली होती. मी म्हटलं, "पास."

त्यांनी फ्लास्क उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि आधी माझ्यापुढे केली. कॉफी पातळ झाली होती. टीचरांनी चूक काढली असती. मी सगळी प्याले.